आधी सेस्ना नीट उतरवा, मग एअरबसचं बघू

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचं सिम, लावलं त्या पहिल्याच रात्री मी थेट एअरबस ए-३२० हे मोठं प्रवासी जेट घेतलं होतं. मुंबईहून उडून गोव्याला जायचं होतं. टेकऑफ झाला (टेकऑफ कुणालाही जमतो, त्यात काही विशेष नाही), ऑटोपायलट कसाबसा लागला, ढग बघत चहा प्यायलो आणि दाबोळी चाळीस मैलांवर आलं तेव्हा मी अजून ३३ हजार फुटांवर निवांत. नाक खाली घातलं तर स्पीडच्या पट्टीवर लाल, नाक वर घेतलं तर उंची तशीच, मग घाबरून चाकं बाहेर, फ्लॅप (हळू उडता यावं म्हणून पंखांमागे काढायच्या पट्ट्या) बाहेर, जे जे हाताला लागलं ते बाहेर, आणि गोवा पायाखालून निघून गेलं. शेवटी कारवारच्या पुढे समुद्रात विषय संपला.

तेव्हा वाटलं की आपल्याला बटणं कळली नाहीत म्हणून असं झालं, म्हणून दोन आठवडे बटणांचे व्हिडिओ बघितले आणि परत तेच झालं. बटणं पाठ होतात हो, ए-३२० ची बटणं महिन्याभरात माझ्या दहावीतल्या भाच्यालाही पाठ झाली. अडतं ते वेग आणि उंचीच्या हिशोबावर, विमानाच्या दहा मैल पुढे डोकं ठेवण्यावर, आणि ते छोट्या विमानात शिकता येतं कारण तिथे सगळं हळू घडतं आणि विचार करायला वेळ मिळतो. खाली लिहितोय तो क्रम मी स्वतः उलटा करून, आपटून, मग सरळ केलेला आहे, त्यामुळे नवीन माणसाने याच क्रमाने गेलेलं बरं.

सामान

यावर फार वेळ घालवू नका. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० किंवा २०२४, नाहीतर एक्स-प्लेन १२, कुठलंही चालेल, पैसे घालायचे नसतील तर फ्लाइटगिअर फुकट आहे आणि शिकायला पुरतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ ला कमीतकमी १६ जीबी रॅम लागते, जुना लॅपटॉप असेल तर आधी ते बघा. जॉयस्टिक मात्र घ्याच, कीबोर्डवर विमान उडवणं म्हणजे चिमट्याने भात खाणं. साधी, दांडा पिळला की रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी) चालतो अशी आणि बाजूला थ्रॉटलची, म्हणजे इंजिनची पॉवर कमी-जास्त करायची, पट्टी असलेली जॉयस्टिक खूप झाली. योक (विमानाचं स्टिअरिंग), पेडल, एअरबसचा थ्रॉटल हे सगळं सहा महिन्यांनी, तोपर्यंत हौस टिकली तर. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा डेस्कटॉपवाल्यांनी छोटा यूपीएस लावा, पाचशे फुटांवर फायनलला, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ उतारावर, असताना स्क्रीन काळी होण्याचं दुःख सांगून कळत नाही.

पहिलं महिनाभर फक्त सेस्ना १७२

हे विमान १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आजही जगभर फ्लाइंग स्कूलमध्ये हेच असतं, त्यामागे कारण आहे: चुका पचवतं. भरलेलं वजन साधारण ११५७ किलो, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीएवढंच.

सुरुवात जुहूवरून करा. सिममध्ये कोड व्हीएजेजे, रनवे ०८/२६ (एकाच पट्टीची दोन टोकं, आकडे दिशेचे), लांबी ११४३ मीटर, सेस्नाला भरपूर. २६ वरून उडालात की लगेच समोर समुद्र, दिशा चुकायची भीती नाही. आणि जागा साधीसुधी नाही, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथमधून इथेच उतरले होते. खरं जुहू मोठ्या विमानतळाला अगदी चिकटून आहे आणि तिथे आता मुख्यतः हेलिकॉप्टर चालतात, पण सिममध्ये आपल्याला ओरडणारं कुणी नाही. हवामान 'निरभ्र', वारा शून्य. लाइव्ह वेदरचा मोह आत्ता नको.

करायचं काय तर सर्किट, म्हणजे उडायचं, चौकोनी चक्कर मारायची, उतरायचं. पूर्ण थ्रॉटल, ५५ नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, साधारण १.८५ किलोमीटर) हलकेच मागे ओढा, ७४ ला धरून चढा, हजार फुटांना सपाट. उडताना विमान डावीकडे ओढतं, उजवा रडर थोडा द्यावा लागतो, तुमची जॉयस्टिक बिघडलेली नाही. रनवेला समांतर परत येताना साधारण ९० नॉट, रनवेचं टोक बाजूला आलं की पॉवर १५०० आरपीएमच्या आसपास, पहिला फ्लॅप, वळा, दुसरा फ्लॅप, पुन्हा वळा, आणि फायनलला पूर्ण फ्लॅपसह ६५ नॉट. साठ नाही, पंच्याहत्तर नाही. पासष्ट.

आता ट्रिम. नव्वद टक्के लोक ट्रिम वापरतच नाहीत आणि मग 'विमान वरखाली होतं' म्हणून रडतात. ट्रिम म्हणजे काय, तर तुम्ही दांडा जितका दाबून धरलाय तितका भार विमानाने स्वतः उचलावा म्हणून फिरवायचं चाक. आधी दांड्याने नाक हवं तिथे आणा, पॉवर ठरवा, वेग स्थिर होऊ द्या, आणि मग हात हलका होईपर्यंत ट्रिम फिरवा. ट्रिमने विमान उडवायचं नाही. दांडा सोडून दहा सेकंद पाण्याचा घोट घेता आला आणि उंची तीच राहिली, की समजा जमलं. पॉवर बदलली, फ्लॅप बदलला की परत ट्रिम. कंटाळवाणं आहे, पण बोइंग ७३७ मध्ये हेच करायचंय आणि तिथे दांडा खूप मोठा आहे.

दुसरी गोष्ट, फायनलला वेग नाकाने सांभाळायचा आणि उंची पॉवरने. डोक्याला उलटं वाटतं. वेग कमी झाला तर नाक थोडं खाली, रनवेच्या आधीच पडणार असं दिसलं तर पॉवर थोडी वर. काही जण याच्या उलट शिकवतात आणि मोठ्या जेटमध्ये ते खरंही आहे, पण सेस्नात आधी हे करा, दोन्हींचा संबंध कळेल.

पहिल्या वीस लँडिंगमध्ये विमान उसळणारच. रनवेवर नजर अगदी जवळ लावली की असं होतं, रनवेच्या पार शेवटी बघा, पॉवर बंद करा आणि विमानाला उतरूच द्यायचं नाही अशा थाटात थोडं थोडं ओढत राहा, ते दमून बसतं. उसळलं तर दाबून खाली बसवायचं नाही, पूर्ण पॉवर द्या आणि पुन्हा चक्कर मारा. गो-अराउंड ही नामुष्की नाही, सवय आहे, आणि ती इथेच लागली पाहिजे. मधून एखाद्या दिवशी तीन हजार फुटांवर जाऊन स्टॉल (वेग इतका कमी की पंख विमानाला उचलून धरत नाहीत) करून बघा, पॉवर काढा, नाक वर धरून ठेवा, भोंगा वाजतो, नाक पडतं, मग नाक सोडा, पॉवर द्या. एकदा हातून झालं की भीती जाते.

जुहू ते पुणे, घाट ओलांडून

सलग पाच लँडिंग न उसळता झाली की प्रवासाला निघा. सरळ रेषेत पासष्ट-सत्तर नॉटिकल मैल, सेस्नाला चाळीसएक मिनिटं. उंची ५५०० फूट घ्या, पूर्वेकडे जाताना नजरेने उडणाऱ्या विमानांनी विषम हजार अधिक पाचशे घ्यायचं असा नियम आहे, आणि त्या उंचीवर घाटमाथाही आरामात खाली राहतो. जीपीएस बंद ठेवा. वाशीचा खाडीपूल, मग पनवेल, उजवीकडे कर्नाळ्याचा सुळका, पुढे एक्सप्रेसवे दिसतोच, तो धरून खंडाळा, लोणावळा. ज्या रस्त्यावर आपण दर सुट्टीला ट्रॅफिकमध्ये अडकलोय तो वरून बघायची मजाच वेगळी, या एका फ्लाइटसाठी तरी सिम घ्यावं.

पुण्यात एक गंमत होते. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १९४० फूट उंच आहे. जुहूच्या सवयीने तुम्ही हजार फुटांना सपाट व्हायला जाल तर त्याआधीच जमीन येईल. सर्किट म्हणजे तिथे साधारण २९०० फूट. आणि उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचं हवेचं प्रेशर पुण्याचं लावलेलं पाहिजे, मायक्रोसॉफ्टमध्ये बी दाबलं की आपोआप लागतं, पण ते कशासाठी हे समजून दाबा.

ऑटोपायलट आणि आयएलएस, पण सेस्नातच

मी राहतो कोपरखैरणेला. मुंबईत रनवे २७ वर उतरणारी विमानं आमच्या पट्ट्यावरून जातात, आणि इथून त्या रनवेचं टोक साधारण सात नॉटिकल मैल. तीन अंशांचा उतार म्हणजे मैलाला साधारण तीनशे फूट, म्हणजे गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून जाणारं विमान एकवीसशे फुटांच्या आसपास असतं. हा हिशोब डोक्यात बसला की आयएलएस अर्धं समजलं, कारण आयएलएस म्हणजे तोच उतार रेडिओच्या दोन किरणांनी दाखवलेला, एक डावं-उजवं सांगतो तो लोकलायझर आणि एक वर-खाली सांगतो तो ग्लाइडस्लोप.

गोल काट्यांऐवजी डिजिटल स्क्रीनवालं १७२ घ्या. मोड एकेक करून शिका, आधी फक्त हेडिंग (दिशा) आणि उंची धरायची, मग चढणं-उतरणं, मग नॅव्ह (ठरलेल्या मार्गाने जाणं), आणि सगळ्यात शेवटी अप्रोच (रनवेकडे उतरणं). बेलापूर-पनवेलच्या बाजूने या, रनवेपासून बारा मैल लांब असताना २५०० फुटांवर सपाट, आयएलएसची फ्रिक्वेन्सी लावलेली, अप्रोच मोड दाबलेला. लोकलायझर आधी पकडतो, मग ग्लाइडस्लोप वरून खाली येत येत मध्यावर येतो आणि विमान आपोआप उतरायला लागतं. किरण नेहमी खालून पकडायचा. वरून पाठलाग केला तर विमान बहुतेक वेळा पकडतच नाही आणि तुम्ही 'ऑटोपायलट खराब आहे' म्हणत बसता.

इथे एक सवय लावून घ्या, पुढे फार पैसे वाचतील म्हणणार होतो पण निदान विमानं तरी वाचतील. बटण दाबलं म्हणजे मोड लागला असं नाही. बटण दाबल्यावर स्क्रीनच्या वरच्या पट्टीत काय लिहून आलं ते वाचायचं, मोठ्याने वाचायचं, घरचे हसले तरी. एअरबसमध्ये या पट्टीला एफएमए म्हणतात आणि तिथले खरे पायलटही ती मोठ्याने वाचतात.

मधली पायरी, जी सगळे गाळतात

सेस्नाचा वेग ११०-१२०, एअरबस फायनललाच १३०-१४० ला असते. मधली उडी एकदम मारू नका. बोनान्झा किंवा बॅरन ही सेस्नाहून वेगवान छोटी विमानं आठवडाभर उडवा, चाकं आत-बाहेर करायची आणि पंख्याचा वेगळा लिव्हर सांभाळायची सवय होते, बस. कंटाळा आला तर हे सोडलं तरी चालेल. टर्बोप्रॉप (जेटसारख्या इंजिनने पंखा फिरवणारं विमान) मात्र सोडू नका. टीबीएम ९३० किंवा किंग एअर, ही दोन्ही मायक्रोसॉफ्ट २०२० मध्ये येतातच, एक्स-प्लेनवाल्यांना छोटी किंग एअर मिळते. टीबीएममध्ये थ्रॉटल पुढे ढकलला की इंजिन निमूटपणे सगळं देत नाही, टॉर्क आणि तापमानाची लाल रेघ स्वतः सांभाळायची. तीनशे नॉटच्या आसपास पळतं, पंचवीस-तीस हजारांवर जातं, आणि इथे पहिल्यांदा खाली कधी यायचं हा प्रश्न खराखुरा पडतो.

लोकलच्या भाषेत सांगतो. भरलेल्या गाडीत घाटकोपरला उतरायचं असेल तर कुर्ल्यालाच दाराकडे सरकायला लागतं, घाटकोपर आल्यावर उठलात तर ठाण्याला उतराल. माझं गोव्याला तेच झालं होतं.

हिशोब सोपा आहे. जितके हजार फूट खाली यायचंय त्याला तीनने गुणा, तेवढे मैल आधी उतरायला लागा, वर स्पीड कमी करायला पाच-दहा मैल धरा. टीबीएम २४ हजारांवर आहे आणि २ हजारांवर यायचंय, म्हणजे २२ गुणिले ३, सहासष्ट, आणि वरचे धरून सत्तरएक मैल. उतरायचं किती जोरात, तर जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणा: २८० नॉट असेल तर मिनिटाला १४०० फूट. फायनलला १४० नॉट असेल तर ७००. कागदाचा तुकडा मॉनिटरला चिकटवा. मुंबई-गोवा साधारण २३० मैल, आठ-दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटरने सांगायच्या आधी तुमचा आकडा लिहा.

आता एअरबस, पण मागून पुढे

ए-३२० घ्यायचं की ७३७ यावर लोक भांडतात. फुकटात मायक्रोसॉफ्टवर फ्लायबायवायरचं ए-३२० आणि एक्स-प्लेनवर झिबोचं ७३७, दोन्ही इतके चांगले आहेत की पहिलं वर्ष पैसे खर्चायची गरज नाही. माझं मत, नवीन माणसाला ए-३२० सोपं, ते स्वतः ट्रिम करतं. दोन्ही अर्धवट शिकू नका, एकच घ्या.

बहुतेक जण अंधारात, सगळं बंद असलेल्या कॉकपिटपासून सुरू करतात. पाऊण तास स्विच लावण्यात जातो, उडेपर्यंत झोप येते, आणि लँडिंगची प्रॅक्टिस रात्रीतून एकच, तीही पेंगत. उलटं करा. पहिले चार दिवस विमान थेट फायनलला, दहा मैलांवर हवेतच घ्या आणि फक्त उतरवा. मग इंजिन चालू असलेलं विमान रनवेवर घेऊन हाताने सर्किट. मग छोटा प्रवास. बंद कॉकपिट सगळ्यात शेवटी, तोपर्यंत अर्धे स्विच ओळखीचे झालेले असतात.

लांब रनवे हवा असेल तर आपलं नवी मुंबईचं विमानतळ मस्त आहे, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली, रनवे ३७०० मीटर. कोड व्हीएएनएम, तुमच्या सिमच्या डेटात तो आलाय का ते आधी बघा, जुन्यात नसेल तर मुंबईचंच २७ वापरा.

सेस्नातून आलेल्याला तीन धक्के बसतात. एक, थ्रॉटल. एअरबसमध्ये त्याला खाचा असतात, टेकऑफनंतर क्लाइंबच्या खाचेत ठेवला की पुढे कॉम्प्युटर पॉवर कमी-जास्त करतो पण लिव्हर जागचा हलत नाही, त्यामुळे लिव्हर बघून पॉवर कळत नाही, आकडे बघायचे. शिवाय जेट इंजिन आयडलवरून (सगळ्यात कमी पॉवरवरून) जोर धरायला काही सेकंद घेतं, सेस्नासारखं 'दिलं की मिळालं' नाही.

दुसरा धक्का वजनाचा, आणि खरी मेख इथेच आहे. ए-३२० निओ ७९ टनांपर्यंत भरतं. एवढं ओझं एकदा पळायला लागलं की खाली ये म्हटलं तर येईल, स्लो हो म्हटलं तर होईल, पण दोन्ही एकदम म्हटलंत तर ऐकणार नाही, बोरघाट उतरणाऱ्या भरल्या ट्रकसारखं आहे ते. म्हणून वेग कमी करायला सपाट तुकडा ठेवायचा. दहा हजारांच्या खाली २५० नॉट. रनवेपासून पंधरा मैलांवर २१०-२२० आणि पहिला फ्लॅप, जो २३० च्या वर काढायचा नाही. दुसरा २०० च्या खाली, तिसरा १८५, पूर्ण १७७. या मर्यादा आहेत, लक्ष्य नाही, मर्यादेवर काढत गेलात तर फ्लॅप आयुष्यभर तुमच्यावर रागावतील. उंच राहिलात तर स्पीडब्रेक (पंखांवर उभ्या राहणाऱ्या, हवा अडवणाऱ्या पट्ट्या), तरी नाही जमलं तर चाकं लवकर काढा, चाकांसारखा ब्रेक नाही. आणि हजार फुटांना चाकं, फ्लॅप, वेग, उतार सगळं जागेवर नसेल तर गो-अराउंड. जुहूला लावलेली सवय इथे कामाला येते.

तिसरा, बसवणं. सेस्नाला रनवेवर तरंगवून दमवतात, एअरबसला तसं केलं तर अर्धा रनवे मागे जातो. रेडिओ अल्टिमीटर पन्नास, चाळीस, तीस म्हणत येतो, तीसला नाक किंचित वर, आणि तो 'रिटार्ड, रिटार्ड' म्हणायला लागला की लिव्हर आयडलला. हा आपल्याला शिवी देतोय असं मला पहिले काही दिवस वाटायचं. मऊ उतरण्याच्या नादाला लागू नका, ठरल्या जागी बसलं पाहिजे, थोडं दणकन बसलं तरी चालेल.

प्रवासाला मुंबई-अहमदाबाद किंवा परत तेच गोवा. सिमब्रीफ या वेबसाइटवर प्लॅन फुकट बनतो, इंधन, रूट, वजन सगळं देतो. भारतातल्या विमानतळांचे चार्ट एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या वेबसाइटवर उघडे मिळतात, मुंबईचे तरी उघडून बघाच. विमानातल्या कॉम्प्युटरमध्ये इनिट, मग फ्लाइट प्लॅन, मग परफॉर्मन्स, या तीन पानांपुरतं पहिल्या दिवशी शिका. बाकीची पानं आपणहून समोर येतात. कॉम्प्युटर एक बाण दाखवतो, इथून खाली ये म्हणून. त्याच्या आधी कागदावर तुमचा आकडा असू दे. ३३ हजारांवरून ३ हजारांवर म्हणजे तीस गुणिले तीन, नव्वद, अधिक दहा. शंभर मैल. मी त्या रात्री चाळीसवर होतो.

लाइव्ह नेटवर्क

व्हॅटसिम आणि आयव्हाओ दोन्ही फुकट, तिथे खरी माणसं कंट्रोलर म्हणून बसलेली असतात. पहिले काही दिवस नुसतं ऐका. मग रात्री उशिरा, गर्दी नसताना, सेस्ना घेऊन बोला, नवीन आहे म्हणून सांगितलं तर लोक सांभाळून घेतात. सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं, कळलं नाही तर विचारायचं, अंदाजाने 'रॉजर' ठोकायचा नाही. एअरबस हाताबाहेर जात नाही अशी खात्री झाल्याशिवाय ती तिथे नेऊ नका, कारण तुमच्यामागे पाच मैलांवर दुसरा कुणीतरी ताटकळत असतो.

आणि तिथे मनाला येईल तेव्हा पॉज करता येत नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. आईला वर्षभर वाटत होतं की मी मोबाइलच्या सिमचं काहीतरी करतो. बायकोला कळतं, पण गेल्या महिन्यात मी २७ च्या फायनलला असताना, चाकं बाहेर, फ्लॅप तीन, आतून आवाज आला, "अहो, ते विमान जरा थांबवा आणि खाली दूधवाला आलाय ते बघा." गो-अराउंड मारला, कंट्रोलरने कारण विचारलं, मी म्हटलं 'अनस्टेबल'.